चार दिशांची हाक

दोन दिवस लंगर मस्त होता. परक्याला वाटेल, काय चंगळ चालली असेल! पण या शीख सिंगांची बोलीच उफराटी. चुलीवर चढवायला दाणा नसला की म्हणायचं, लंगर मस्त आहे. मूठभर चणे हाती लागले की म्हणायचं, बदाम आले. आणि एकटाच स्वार रानातून छावणीत शिरला की ओरडायचं, सवा लाख फौज आली रे! लाहोरच्या सुभेदाराने घरंदारं हिसकावून रानोमाळ केलेली ही माणसं. त्यांच्याजवळ घोडी, तलवारी आणि ऐट, एवढंच उरलं होतं. त्यातली ऐट मात्र पोट रिकामं असलं की जास्तच लागते.

ब्यास नदीच्या काठी, पुरुषभर उंच बोरूच्या रानात, जथेदार फुम्मणसिंगांचा जथा दडून बसला होता. सगळे मिळून साठ जण. त्यांत हत्यार उचलू शकतील असे अठरा. बाकी बायका, पोरं, म्हातारी माणसं आणि परवाच्या झटापटीत जखमी झालेले नऊ जण. सुभेदाराचे शंभरेक स्वार मागावर होते, वरच्या अंगाला कोसभरावर उतरले होते. जथ्याला नदी ओलांडायची होती. नावा नव्हत्या. बोरूच्या मोळ्या बांधून तराफे करायचं काम सकाळपासून चाललं होतं, आणि सगळ्यांना पैलतीरी न्यायला दुपार कलली असती. तोवर मागच्यांना पत्ता लागता कामा नये, बस्स.

या जथ्याचा लंगर, म्हणजे सगळ्यांची सामाईक चूल, माई सभराईच्या हाती होता. वय पंचेचाळीसच्या घरात, आवाज बसका, मनगट लोहाराचं. तलवारीपुढे न झुकणारे सिंग तिच्या पळीपुढे मुकाट बसत. अख्खा जथा तिला माई म्हणे. एकटा मलूकसिंग तिला बेबे म्हणायचा, कारण तो तिच्या पोटचा.

मलूक म्हणजे नाजूक. बाळंतपणात कुणीतरी ठेवलेलं नाव. पुढे त्या नावाची फार थट्टा झाली. वीस वर्षांचा पोरगा, दारातून शिरताना वाकावं लागे असा, आणि आवाज असा की त्याने घोडीला हाक मारली तर शेजारच्या गावची म्हैस उठून उभी राही. तान्हा असताना त्याच्या रडण्यापायी जथ्याला दोनदा तळ हलवावा लागला होता. म्हातारा लद्धासिंग अजून म्हणायचा, "या पोराने लाहोर दरबाराची चाकरी न करताच त्यांची हेरगिरी केली!"

मोठा झाल्यावर जथ्याने त्या आवाजाला काम दिलं. लंगर शिजला की पहिला घास उचलण्याआधी नगारा वाजवायचा आणि चारी दिशांना तोंड करून हाक द्यायची: जो कुणी भुकेला असेल त्याने यावं, लंगर तयार आहे. आपला असो, परका असो, वैरी असो. कुणी आला तर आधी त्याला वाढायचं, मग आपण बसायचं. अमृत घेऊन खालसा झाल्याच्या दिवसापासून, चार वर्षं, हे काम मलूकचं होतं. त्याने ते एकदाही चुकवलं नव्हतं.

त्या सकाळी जवळच्या गावातल्या एका जाटाने गवताच्या भाऱ्यात लपवून दोन गोणी आणून टाकल्या. एकीत कणीक, दुसरीत चण्याची डाळ. माईने सुकी बाभळीची लाकडं निवडून निवडून जाळ केला, धूर म्हणून वर जाऊ दिला नाही. देगेत डाळ रटरटू लागली तशी पोरं वासाने गोळा झाली. दोन दिवसांची उपाशी पोरं. रडतसुद्धा नव्हती, नुसती देगेकडे बघत बसली होती. न रडणारं पोर बघवत नाही.

डाळ उतरली, रोट्या शेकून झाल्या. मलूक नगाऱ्याजवळ गेला. जथेदार फुम्मणसिंगांनी पुढे होऊन त्याच्या हातातल्या टिपऱ्या धरल्या.

"आज नको."

"का?"

"का म्हणून विचारतोस? कोसभरावर वैरी बसलाय. नगाऱ्यावर टिपरी पडली की तो घोड्यावर बसलाच समज. माई, वाढायला घे गं. जखमी माणसांच्या पोटात काही गेलं नाही तर ती तराफ्यावर चढायचीसुद्धा नाहीत."

माईने पळी उचलली, देगेत घातली आणि तशीच धरून उभी राहिली.

"माझ्याने होणार नाही," ती म्हणाली.

"माई, देवाला सगळं कळतं. एका दिवसाने काही बिघडत नाही."

"एका दिवसाने काय बिघडतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे, जथेदारजी?"

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट तिथल्या जुन्या माणसांना माहीत होती. पौषाच्या थंडीत जथा असाच दडून बसला होता. तेव्हा माईनेच सांगितलं होतं, आज हाक नको, पोरं आहेत, भीती वाटते. हाक दिली नाही. सगळे मुकाट्याने जेवले. दुसऱ्या दिवशी तळ हलवताना दोन शेतं पलीकडे, उसाच्या बांधाला टेकून बसलेला एक सिंग सापडला. मांडीला गोळी लागलेली, वाट चुकलेला, थंडीने आणि भुकेने गारठून मेलेला. नगारा ऐकू आला असता तर सरपटत का होईना, येऊन पोचला असता. तो हाठूसिंग होता, माईचा नवरा, मलूकचा बाप. त्या दिवसापासून माईने हाकेशिवाय कुणाच्या पानात वाढलं नव्हतं.

"म्हणजे पोरांना उपाशी ठेवणार तू?" लद्धासिंग भडकला. "बाई आहेस की दगड!"

"मी ठेवत नाहीये. माझा हातच उचलत नाही, त्याला मी काय करू?" आणि एवढं बोलून त्या लोहाराच्या मनगटाच्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला स्वतःचाच राग आला होता. समोर उपाशी लेकरं आणि आपण नियम धरून बसलोय, हे तिला कळत होतं. पण तो उसाचा बांधही दिसत होता. तिने पळी कुणा दुसरीच्या हाती द्यावी म्हणून पुढे केली. एकीनेही घेतली नाही.

तेवढ्यात मलूक हसला. वेळ काय, हा हसतोय काय! पण त्याला काहीतरी सुचलं की तो आधी हसायचा, मग बोलायचा.

"जथेदारजी, हाक द्यायचीच, एवढाच नियम आहे ना? इथूनच द्यायची असं कुठे आहे?"

"मग कुठून देणार?"

त्याने उगवतीकडे बोट केलं. नदीकडे पाठ केली की कोसभरावर एक टेकाड होतं. कधीकाळच्या उजाड गावाचं, माथ्यावर एक वडाचं झाड. "मी घोडीवर नगारा टाकतो आणि तिथे जातो. तिथून चार दिशांना हाक देतो. तुम्हाला नगारा ऐकू आला की पंगत बसवा. ते लोकही तो ऐकतील आणि टेकाडाकडे येतील. तुम्ही जेवून निवांत पार व्हा."

टेकाडाकडे येणारे शंभर स्वार आणि टेकाडावरचा एक माणूस, हा हिशेब पोरांनाही कळला.

"दोघं-तिघं बरोबर घेऊन जा," शेवटी फुम्मणसिंग म्हणाले.

"तराफे कोण ढकलणार मग? आणि सवा लाख तर निघालेच आहेत, अजून किती फौज पाठवता?"

हसू आलं, सगळ्यांना आलं, आणि मग कुणाला कुणाकडे बघवेना.

मलूक चुलीपाशी आला. "बेबे, मला जेवण बांधून दे."

"बस, वाढते. तू आधी खाऊन घे."

"माझ्यासाठी नाही. हाक देणार तर पाहुण्यांना वाढायला काही नको? रिकाम्या हाताने हाक दिली तर ती खोटी हाक. आजवर मी खोटी हाक दिलेली नाही."

लद्धासिंगला हे काही पटेना. "अरे शहाण्या, आपल्या पोरांच्या तोंडचं काढून त्या गुलामांच्या घशात घालायचं? मागं लागलेत आपल्या!"

"बाबा, भुकेला कुठला आलाय गुलाम आणि कुठला सुभेदार? तुम्हाला दोन दिवस मिळालं नाही तर तुम्ही मला शिव्या द्यायला लागलात. त्यांनाही मिळालं नसेल. त्यांचे रसदीचे गाडे मागे चिखलात रुतलेत, जाटाने सांगितलं ना."

म्हातारा पुटपुटत उठला, आणि आपल्या वाट्याच्या रोट्या त्याने सगळ्यांआधी आणून टोपलीत टाकल्या. मग अठराच्या अठरा जणांनी टाकल्या. पोरांच्या आणि जखमींच्या वाट्याला कुणी हात लावला नाही. माईने पितळी डेगचीत डाळ ओतली. मलूकने बोट बुडवून चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"अळणी आहे, बेबे."

"मीठ कुठाय? एक खडा उरलाय, तो जखमा धुवायला ठेवलाय."

"पाहुण्यांना अळणी वाढू? लोक काय म्हणतील, माई सभराईच्या लंगरात मीठ नव्हतं?"

तिने ओढणीच्या पदराची गाठ सोडली. गुलाबी सैंधवाचा, लिंबाएवढा खडा. तो तिने दगडावर ठेचला आणि सगळाच्या सगळा डेगचीत टाकला. जथ्याची डाळ त्या दिवशी अळणीच राहिली.

तिने डेगची फडक्यात बांधली, गाठीवर आणखी एक गाठ मारली. तिला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. तिने एक शब्द उच्चारला असता तर जथेदारांनी त्याला थांबवलं असतं, हेही तिला माहीत होतं. हा नियम आपणच धरून बसलो, म्हणून हा चाललाय, हे टोचत होतं. पण त्याच्याकडे वर बघितलं तर निळ्या पगडीखालचा तो चेहरा इतका मोकळा, इतका आनंदी होता, की जणू वरातीला निघालाय. हे माझं लेकरू आहे, असं तिला ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

"डेगची परत आण," ती एवढंच म्हणाली. "लंगरची आहे."

"पाठवतो," मलूक म्हणाला. आणतो म्हणाला नाही. वाकून त्याने तिच्या पायांना हात लावला आणि घोडीवर टांग टाकली.

तो गेला. पोरं पंगतीत बसली होती, समोर पळसाची पानं रिकामी. बराच वेळ नुसता बोरूचा सळसळाट. मग उगवतीकडून नगारा वाजला. एकदा वाजला, थांबला. पुन्हा वाजला. चारदा, चार दिशांना. मलूकचा आवाज कोसभर ऐकू येणं शक्य नाही, असं लद्धासिंग पुढे आयुष्यभर म्हणत राहिला. माई शपथेवर सांगायची की तिला शब्दन् शब्द ऐकू आला. आता आईच्या कानांशी कोण वाद घालणार?

चौथ्या दिशेचा नगारा थांबला आणि माईने पळी देगेत बुडवली. भराभर वाढलं. वरच्या अंगाला घोडी खिंकाळली, टापांचा आवाज उठला, आणि तो जवळ न येता उगवतीकडे निघून गेला. पहिला तराफा पाण्यात ढकलला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. शेवटच्या तराफ्यावर माई बसली, तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. नगारा मधूनमधून वाजतच होता. भर धारेत असताना तो बंद झाला. तिने वल्हं खाली ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पैलतीरावरच्या आमराईत, पहाऱ्यावरचा सिंग ओरडत आला. चार माणसं चालत येत होती. अंगात सुभेदाराच्या फौजेचे अंगरखे, कमरेला हत्यार नाही. पुढच्याच्या हातात फडक्यात बांधलेली पितळी डेगची.

तलवारी उपसल्या गेल्या. तो माणूस तिथेच थांबला. पंचविशीतला असेल, मानेवर कोरड्यांचे वळ, ओठ फुटलेला. "यात बेबे कोण?" त्याने विचारलं.

माई पुढे झाली. बेबे म्हणणारा एकच होता. काय ऐकायचं ते तिला तिथेच कळलं.

"मी बरकत, सियालकोटकडचा," तो म्हणाला. "ही डेगची तुला द्यायला सांगितली होती. घासून आणलीय."

"बस. सांग," माई म्हणाली.

बरकत बसला, आणि एकदम सांगत सुटला. "नगारा ऐकला तशी आमच्या जमादाराने घोडी काढली. वाटलं, अख्खा जथा सापडला. टेकाडाला वेढा घातला, बघतो तर वडाखाली एक माणूस, समोर टोपली. जमादार ओरडला, बाकीचे कुठायत? तो म्हणाला, सवा लाख इथेच आहेत, या, जेवायला बसा! जमादाराला वाटलं घात आहे. त्याने माणसं पांगवली, टेकाडाभोवतीचं सगळं गवत उपसून शोधायला लावलं. त्यात निम्मी दुपार गेली. कुणी नाही. आणि तो आपला वडाखाली बसून विचारतोय, अरे डाळ थंड होतेय, किती वेळ लावता?"

लद्धासिंग खो खो हसला आणि हसता हसता त्याने पगडीच्या शेवाने डोळे पुसले.

"आम्ही दोन दिवसांचे उपाशी, माई. डाळीचा वास येत होता. मी आणि दहा जण पुढे गेलो. जमादार शिव्या घालत राहिला, आम्ही बसलो. तुमच्या त्या सिंगाने ओळीत बसवलं, प्रत्येकाला विचारून वाढलं. मी दुसऱ्यांदा डाळ मागितली तर म्हणाला, घे, माझ्या आईच्या हातची आहे, जगात अशी मिळायची नाही. सगळ्यांचं झाल्यावर त्याने हात धुतले, डेगची माझ्याकडे दिली, म्हणाला, ही लंगरची आहे, बेबेला पोचव. मग ढाल उचलली आणि म्हणाला, जेवण झालं, आता ज्याला लढायचं असेल त्याने यावं."

"मग?" फुम्मणसिंगांनी विचारलं.

"आम्ही अकरा जणांनी तलवारी जमिनीवर ठेवल्या. खाल्ल्या मिठाला जागायला नको? जमादाराने कोरडे ओढले, तरी नाही उचलल्या. मग बाकीचे त्या सिंगावर चालून गेले. वडाला पाठ लावून उभा होता. नऊ जण पाडले त्याने. दम खायला थोडी उसंत मिळाली की नगारा वाजवायचा. आम्हाला कळेना, कशाला वाजवतोय. नदीकडे बघून हसायचा." बरकतने फुटलेला ओठ मनगटाने पुसला. "रात्री फौज हलली. आम्ही अकरा मागे राहिलो. तुमची रीत ठाऊक होती, लाकडं गोळा करून त्याला अग्नी दिला. सात जण घरी गेले. आम्हाला घर नाही तोंड दाखवायला."

त्याने कमरेतून एक टिपरी काढून माईच्या हाती दिली. दुसरी तुटली होती म्हणाला.

माईने ती टिपरी ओढणीला पुसली. रडली ती, चांगली मोठ्याने रडली, कुणी तिला थांबवलं नाही. मग उठली. चुलीवर देग चढलेली होती, डाळ शिजली होती. पंगत बसायची वेळ झाली होती आणि हाक द्यायला कुणी नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. नगाराही नव्हता.

माई देगेपाशी गेली, टिपरीने देगेच्या काठावर टण टण ठोके दिले आणि उगवतीला तोंड करून, त्या बसक्या आवाजात, हाक दिली: जो कुणी भुकेला असेल त्याने यावं, लंगर तयार आहे. मग मावळतीला. मग उरलेल्या दोन दिशांना. आवाज काही कोसभर गेला नसेल. पण आमराईतले सगळे सिंग हात जोडून उभे राहिले.

"या, बसा," ती त्या चौघांना म्हणाली.

बरकत जागचा हलला नाही. "माई, त्याला मारणाऱ्या फौजेतले आहोत आम्ही."

"भूक लागलीय ना?"

"लागलीय."

"मग बस की. आधी पाहुण्यांना वाढायचं असतं, पोरं ताटकळलीत माझी."

ते चौघे पंगतीच्या सुरुवातीला बसले. माईने पहिली पळी बरकतच्या पानात वाढली आणि तिथेच जराशी थांबली. गेले तीन दिवस तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि विचारायला माणूस नव्हता.

"त्या दिवशीच्या डाळीत मीठ पुरलं होतं का रे?"

बरकतने मान वर केली. "पुरलं, माई," तो म्हणाला. "जन्मभर पुरेल."

"हं," माई म्हणाली, आणि पुढच्या पानाकडे वळली.